तेच शेत, पुन्हा एकदा

आयर्लंड हा ओला, हिरवा देश. तिथं ऐन जुलैत गवत वाळून पिवळं पडणं ही बातमीच. २०१८ च्या उन्हाळ्यात बॉइन नदीच्या खोऱ्यात नेमकं तेच झालं होतं. १० जुलैच्या संध्याकाळी अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स या दोघांनी आपापले छोटे कॅमेरा ड्रोन न्यूग्रेंजजवळच्या शेतांवर उडवले. न्यूग्रेंज हे पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं जगप्रसिद्ध आहे. त्या परिसराचा इंच न् इंच अभ्यासकांनी पाहिलेला. आणि तरीही त्या संध्याकाळी हातातल्या पडद्यावर, पिवळ्या शेतात हिरव्या ठिपक्यांचं एक प्रचंड वर्तुळ उमटलं. व्यास सुमारे दीडशे मीटर. कुठल्याही नोंदीत नसलेलं. साडेचार हजार वर्षांच्या आसपास जुनं, नवाश्मयुगाच्या अखेरचं ते आवार असावं, असं अभ्यासकांचं मत पडलं.

शेताखाली होतं काय? खड्डे आणि चर. कधीकाळी लाकडी खांब रोवायला लोकांनी जमीन खणली, खांब कुजले, खड्डे मातीनं भरून आले, वरून शतकानुशतकं नांगर फिरला. पण एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. भरून आलेल्या खड्ड्यातली माती भुसभुशीत आणि खोल असते, ओल धरून ठेवते. भरपूर पाऊस असेल तर सगळं शेत सारखंच हिरवं दिसतं. पाणी तुटलं की मात्र आजूबाजूचं पीक सुकतं आणि खड्ड्यावरचं पीक आणखी काही दिवस तग धरतं. जमिनीत जुनी भिंत पुरलेली असेल तर उलट होतं. मुळांना खोली मिळत नाही आणि भिंतीच्या रेषेवरचं पीक सगळ्यांआधी वाळतं. पुढे पाऊस आला आणि बॉइनकाठचं ते वर्तुळ पुन्हा हिरवळीत मिटून गेलं.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मर्फी तिथं नवखे नव्हते. ते या खोऱ्याबद्दल वर्षानुवर्षं लिहीत आणि फोटो काढत आले होते. जागा जुनी होती, दिवस नवा होता.

हौसेनं घेतलेले कितीतरी ड्रोन वर्षभरात कपाटात जाऊन बसतात. सुरुवातीला घराचं छप्पर, मग गावाबाहेरचं तळं, एखादा सूर्यास्त, आणि मग ‘आता कुठं जायचं?’ असा प्रश्न. उंचीचं अप्रूप असंच असतं, चार-सहा उड्डाणांत ओसरतं. त्यावर लोक आणखी दूरची जागा शोधतात, आणखी महाग यंत्र घेतात. माझं स्पष्ट मत असं की हौस टिकवायची असेल तर जागा बदलू नये, ऋतू बदलू द्यावा.

हे मत माझ्या आधी आकाशानंच दिलेलं आहे. डिसेंबर १९२५ मध्ये गिल्बर्ट इन्सल या ब्रिटिश वैमानिकाला स्टोनहेंजपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, नांगरलेल्या शेतात एक गोल आणि त्यात पांढरट ठिपके दिसले. पुढच्या जुलैत त्याच शेतात गहू उभा होता आणि त्या गव्हात ठिपक्यांची वलयंच्या वलयं स्पष्ट उठून आली. उत्खनन झालं, खांबांच्या खड्ड्यांची सहा वलयं सापडली. आज त्या जागेला वुडहेंज म्हणतात. हिवाळ्यात शंका, उन्हाळ्यात उत्तर.

इन्सलला मात्र त्या जागेवर थांबता येत नव्हतं. विमान थांबलं की पडतं. त्याही आधी, १८५८ मध्ये, पॅरिसजवळ नादार यानं फुग्यातून पहिला हवाई फोटो काढला, तेव्हा फुगा दोरानं जमिनीला बांधलेला होता, हवा तिथं नेता येत नव्हता. हवेतल्या एकाच बिंदूवर पुन:पुन्हा जाऊन स्थिर उभं राहणं, ही सोय सामान्य माणसाच्या हातात आता कुठं आली आहे. आणि ते स्थिर राहणं हाच या यंत्राचा खरा चमत्कार आहे.

ड्रोन हवेत निवांत उभा दिसतो, पण तो एक क्षणही निवांत नसतो. चार पंख्यांपैकी दोन घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलट, म्हणून तो स्वतःभोवती गिरक्या घेत नाही. जोड्यांचा वेग कमी-जास्त केला की तो जागच्या जागी वळतो. वाऱ्याच्या झुळकीनं तो किंचित कलला, तर ते कळतं एका चिपमधल्या, सतत थरथरणाऱ्या सिलिकॉनच्या सूक्ष्म तुकड्याला. ड्रोन वळला की थरथरणाऱ्या तुकड्यावर आडवा रेटा येतो. त्याला कोरिऑलिस बल म्हणतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्त ओलांडून येणारे वारे उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन कोकणावर येतात, ते याच बलानं. आपला पाऊस ज्या नियमानं वळतो, त्याच नियमानं नखाएवढ्या चिपला आपण वळल्याचं समजतं! हे मोजमाप सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्या हिशेबानं चारही मोटरींचा वेग बदलत राहतो.

उंचीचं गणित याहून नाजूक. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल असतो आणि एक मीटर वर गेलं की त्यातले साधारण १२ पास्कल कमी होतात. म्हणजे वीतभराहून कमी, दहा सेंटीमीटरचा फरक ओळखायचा तर एकूण दाबाचा सुमारे ऐंशी हजारावा भाग टिपावा लागतो. ड्रोनमधला इवलासा दाबमापक त्या पातळीवर काम करतो. जमिनीजवळ असताना पोटाखालचा छोटा कॅमेरा मातीचा, गवताचा पोत बघून ‘मी सरकलो का’ हे ताडतो. म्हणूनच वाहत्या पाण्यावर कमी उंचीवर त्याची फसगत होते आणि तिथं उपग्रहांचा आधार लागतो. यातलं काहीच कंट्रोलर धरलेल्या माणसाला जाणवत नाही. जाणवायला हवं, असं मला वाटतं. एकदा हे कळलं की नुसतं उभं राहिलेलं यंत्र बघतानाही कंटाळा येत नाही.

आता आपल्याकडे या. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, जवळपास अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्या हत्तीच्या पायाशी उभं राहिलं तर फक्त खोदरेषा दिसतात. ड्रोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात उंचीच्या साधारण दीडपट रुंदीची जमीन मावते, त्यामुळे पंधरा-वीस मीटरवर गेलं की अख्खा हत्ती चौकटीत येतो. कोरणाऱ्यांनी तो असा पूर्ण कधीच पाहिला नसणार; सगळं माप मनात धरून त्यांनी कोरला.

पण केव्हा गेलात यावर सगळं आहे. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असतो तेव्हा सावली उंचीच्या साडेपाच पट पडते आणि उथळ रेषाही ठसठशीत उठते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, भर दुपारी, तिथं सूर्य थेट डोक्यावर येतो. सावली नाहीशी होते आणि तीच रेषा दगडात विरून जाते. पावसाळ्यात गवत सगळंच झाकतं. उजनीचंही तसंच. धरण भरलेलं असताना वरून नुसतं पाणी दिसतं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटतं आणि पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर बाहेर येतं.

म्हणून एक जागा धरा. गावची टेकडी, नदीचं वळण, ओळखीच्या माणसाचं शेत, काहीही. एक बिंदू, एक उंची, कॅमेरा सरळ खाली, आणि वहीत तारीख, वेळ, मागचा पाऊस केव्हा झाला ते. नांगरणीनंतर जा, पीक पिवळं पडताना जा, पहिल्या उन्हात जा. चाळीस मीटरवरून सुमारे साठ मीटर रुंदीची जमीन दिसते आणि चार हजार ठिपके रुंद फोटोत एक ठिपका दीड सेंटीमीटरचा होतो. बांध किती सरकला, ओढ्यानं काठ किती खाल्ला, हे त्यात मोजता येतं.

अर्थात नियम पाळूनच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात कमाल उंची ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. उड्डाणाआधी सरकारी नकाशात क्षेत्राचा रंग बघा, स्थानिक पोलिसांचे मनाई आदेश बघा. संरक्षित किल्ल्यांवर, स्मारकांवर आणि धरणांवर परवानगीशिवाय उडवू नका. भिगवणला रोहित पक्षी उतरलेले असताना तर ड्रोन पिशवीतून बाहेरच काढू नका. घाबरून उडालेल्या थव्याचा फोटो कितीही सुंदर आला तरी तो घेण्यासारखा नाही.

कोकणातली कातळशिल्पं ड्रोननं शोधलेली नाहीत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारून ती नोंदवली. तेव्हा वरून एखादी अनोळखी रेषा, वर्तुळ, चौकोन दिसला तर आधी खाली जाऊन बघा, शेतमालकाशी बोला. फावडं मात्र लावू नका आणि जागेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटो, तारीख आणि उंचीची नोंद घेऊन राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे जा.