भाड्याच्या खोल्या : आधी हिशोब, मग विटा

शहापूर-आसनगाव भागात सध्या ज्याला त्याला खोल्या काढायच्या आहेत. कुणाचे निवृत्तीचे पैसे आलेले असतात, कुणाला समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळालेला असतो. लोकलने कल्याण-ठाण्याला नोकरीला जाणाऱ्या माणसाला तिकडचे भाडे परवडत नाही, म्हणून तो आसनगावला खोली शोधतो. मुरबाडला रेल्वे नाही, पण एमआयडीसीतला कामगार, एसटीचा वाहक, बदली होऊन आलेली शिक्षिका यांना खोली लागतेच. तेव्हा मागणी खरी आहे. चुकतो तो आपला हिशोब. आम्ही बी. कॉम. झालेलो, ऑफिसात रोज दुसऱ्यांची बिले तपासणारे. तरीही फसलो, म्हणून वाचक बंधू-भगिनींसाठी हे लिहीत आहोत.

आसनगावला गावठाणातील वडिलोपार्जित जागेत आम्ही चार खोल्या काढल्या. पैसे कमी पडले तेव्हा एका पतसंस्थेतून २ लाख रुपये उचलले. मुदत ५ वर्षे, व्याज ‘फक्त १२ टक्के’. कागद नीट न वाचता सही केली. पुढे कळले की व्याज फ्लॅट होते. म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण २ लाखांवरच. व्याजाचे १,२०,००० झाले, हप्ता पडला ५,३३३ रुपये. हेच कर्ज १२ टक्क्यांनीच, पण उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून मिळाले असते, तर हप्ता साधारण ४,४५० आणि एकूण व्याज ६७,००० च्या आत राहिले असते. फ्लॅटचे १२ टक्के म्हणजे प्रत्यक्षात २० टक्क्यांच्या आसपास. कर्ज देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की व्याज कशावर?

दुसरी चूक भाड्याच्या हिशोबाची. खोलीला २,५०० प्रमाणे महिन्याचे १०,०००, वर्षाचे १,२०,०००. त्यातून हप्त्यांचे ६४,००० गेले की ५६,००० उरतील, असे आम्ही वहीत मांडले. प्रत्यक्षात प्रत्येक खोली वर्षातून एखादा महिना रिकामी राहतेच, तिथे १०,००० गेले. घरपट्टी, पाण्याची मोटार, रंग, नळ, तुंबलेली मोरी यात आणखी २२,००० गेले. हातात राहिले २४,०००. तोटा झाला नाही, पण ५६,००० धरून आम्ही मुलीच्या क्लासची फी कबूल करून बसलो होतो! ती सौभाग्यवतींच्या भिशीतून भरावी लागली.

खोल्या बांधण्याआधी जागेचे कागद पाहावेत. आपल्यापैकी अनेकांची जमीन जुन्या महार वतनाची आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि जमिनी पुन्हा वतनदारांना मिळाल्या, त्या नवीन शर्तीवर. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही, आणि बँकही हात आखडते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. या दोन्ही तालुक्यांत आदिवासींच्या जमिनी भरपूर. स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन त्यावर चाळ उठवणारे आम्ही पाहिले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे परवानगीशिवायचा असा व्यवहार टिकत नाही. आणि समजा टिकला, तरी आपण कोणाची जमीन घेतली?

मुरबाडला सासऱ्यांच्या दोन जुन्या खोल्या आहेत, त्या आम्हीच सांभाळतो. तिथे आम्ही आधी रंग काढला आणि पत्रे तसेच ठेवले. पहिल्याच पावसात भिंतींना ओल आली, रंगाचे पापुद्रे सुटले. आमच्याकडचा पाऊस शहरातल्या फरशीला भुलत नाही. आधी छप्पर, मग सांडपाण्याचा शोषखड्डा, मग संडास-मोरी, आणि उरले तर रंग. शक्य असेल तर प्रत्येक खोलीला महावितरणचा वेगळा मीटर घ्यावा. सबमीटर लावून युनिटमागे जादा पैसे काढणारे घरमालक आपल्यातही आहेत, हे लिहायला लाज वाटते.

कराराचे तर विचारूच नका. एका नातेवाइकांना ‘घरचेच आहेत’ म्हणून करार नाही, अनामत नाही, अशी खोली दिली. सात महिने भाडे आले नाही आणि मागायला तोंड उघडेना. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. तो जिथे लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हा समज चुकीचा. भाड्याचे उत्पन्न विवरणपत्रातही दाखवावे. आपण भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते, त्यासाठी दुरुस्तीची पावतीही लागत नाही.

आता जे सांगायचे ते जरा अवघड आहे. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग आपल्या घराघरात सांगितला जातो. आम्हाला स्वतःला नोकरी लागली त्या वर्षी एका घरमालकाने आधी किल्ली दाखवली, मग आडनाव विचारले, आणि ‘खोली कालच गेली हो’ म्हणाला. असे असताना दोन वर्षांपूर्वी एक कातकरी जोडपे आमच्याकडे खोली विचारत आले. तो एमआयडीसीत कामाला. शेजारचे आमचेच बांधव म्हणाले, “दादा, यांना नको, पितात, गोंधळ घालतात.” आम्ही लगेच उत्तर दिले नाही. “उद्या सांगतो” म्हणालो. रात्री सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “खोली कालच गेली, असं सांगणार का तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी करार केला. इतरांकडून घेतली तेवढीच अनामत घेतली, पोलिस ठाण्यात सगळ्यांची देतो तशी माहिती दिली. ते जोडपे अजून राहते आहे. एकदा भाडे वीस दिवस उशिरा आले, कारखान्यात पगार थकला होता. नातेवाइकांचे सात महिने मात्र अजून वहीत तसेच आहेत.