पातळ कीबोर्डाबद्दलचे जाड गैरसमज

‘एवढा पातळ आहे, मग हा मेकॅनिकल कसला?’ लो-प्रोफाइल कीबोर्ड पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास हे विचारतो. शंका रास्त आहे, कारण बाहेरून तो लॅपटॉपच्या कीबोर्डाचाच भाऊबंद दिसतो. पण मेकॅनिकल असण्याचा जाडीशी संबंध नाही. प्रत्येक कळीखाली स्वतःची स्प्रिंग आणि धातूचे संपर्क असलेला स्वतंत्र स्विच आहे का, एवढंच पाहायचं. साध्या कीबोर्डात कळीखाली रबराची घुमटाकार टोपी असते. ती दबून खालच्या पडद्याला टेकली की अक्षर उमटतं. पातळ मेकॅनिकलमध्ये ही टोपी नसते. तिथे खराखुरा स्विचच असतो, फक्त बुटका.

किती बुटका, ते जर्मनीच्या चेरी कंपनीच्या आकड्यांवरून नीट कळतं. तिचा नेहमीचा एमएक्स रेड स्विच १८.५ मिलिमीटर उंच आहे, तर २०१८ च्या जानेवारीत तिने दाखवलेला लो-प्रोफाइल रेड ११.९ मिलिमीटर. जुन्यात कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि २ मिलिमीटरवर दाबल्याची नोंद होते. नव्यात ती ३.२ मिलिमीटर खाली जाते आणि नोंद १.२ वर होते. आता वजाबाकी करून पाहा. नोंद झाल्यानंतर बोटाला खाली जायला दोन्हींत सारखीच, २ मिलिमीटर जागा उरते. कात्री लागली ती नोंद होण्याआधीच्या अंतराला. दाबायला लागणारा जोरही तोच, सुमारे ४५ सेंटिन्यूटन. म्हणून नेहमीच्या मेकॅनिकलवरून इकडे येणाऱ्याला कळी हलक्या झाल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्या हलक्या नसतात, लवकर लागतात.

लवकर लागणं नेहमीच फायद्याचं असतं, हाही एक गैरसमज आहे. खेळात पात्राला चटकन बाजूला सरकवायचं असेल तर १ मिलिमीटरवर लागणारा स्विच कामाला येतो. पण कळींवर बोटं टेकवून विचार करत लिहिणाऱ्याला तोच छळतो, कारण नुसत्या टेकण्यानेही अक्षर उमटू शकतं. मराठीत तर ते जास्त महागात पडतं. मराठी लिहिण्याच्या इनस्क्रिप्ट पद्धतीत हलन्त इंग्रजी ‘डी’च्या कळीवर, म्हणजे डाव्या मधल्या बोटाखाली आहे. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द एकेक अक्षर जोडत लिहिला तर अकरा वेळा कळ दाबावी लागते आणि त्यांतल्या तीन वेळा ती हीच. इंग्रजीत चुकून एक ‘डी’ जास्त पडला तर लगेच दिसतो. मराठीत चुकून पडलेला हलन्त शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवतो. ‘कमल’चं ‘कम्ल’ होतं आणि घाईत ते नजरेतून सुटतं. रोज पानंच्या पानं मराठी लिहिणाऱ्याने असे लवकर लागणारे, ‘स्पीड’ नावाचे स्विच घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दाबताना मध्ये हलका अडथळा जाणवणारे टॅक्टाइल स्विच त्याला जास्त मानवतील.

मराठीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक भीती दूर करू. परदेशी कीबोर्डावर मराठी अक्षरं छापलेली नसतात, म्हणून त्यावर मराठी लिहिता येणार नाही, असं अनेकांना वाटतं. कीबोर्डाला भाषा कळतच नाही. ‘के’ची कळ दाबली की तो संगणकाला फक्त त्या कळीचा क्रमांक कळवतो. त्याचा इंग्रजी ‘के’ करायचा की ‘क’, हे विंडोज किंवा तुमची जी काही प्रणाली असेल ती ठरवते. पाहायचं ते आकड्यांची ओळ आहे का, हे. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये ज्ञ, त्र, क्ष आणि श्र शिफ्टसह ५ ते ८ या आकड्यांवर असतात. पंचाहत्तर टक्के, इतकंच काय, साठ टक्के आकाराच्या कीबोर्डातही ही ओळ असते. चाळीस टक्क्यांच्या चिमुकल्या कीबोर्डात ती नसते. तो मराठी लिहिणाऱ्याने घेऊच नये.

‘मेकॅनिकल म्हणजे टकटक’ हा समज दोन ओळींत निकालात निघतो. क्लिकचा आवाज मुद्दाम बसवलेला असतो आणि तो फक्त क्लिकी, म्हणजे बहुधा निळ्या, स्विचमध्ये असतो. लाल आणि तपकिरी स्विचमध्ये ऐकू येते ती कळ तळाला आपटण्याची आणि परत वर येण्याची थाप.

‘वायरलेस म्हणजे मंद’ हा समज सर्वांत पक्का आहे, आणि त्यात तथ्याचा अंशही आहे. घोटाळा होतो तो दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे. यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर आणि ब्लूटूथ, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतात. त्यांची शिस्त मात्र वेगळी आहे. गेमिंगसाठीचा चांगला रिसीव्हर सेकंदाला १००० वेळा कीबोर्डाची खबर घेतो, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा. वायरच्या गेमिंग कीबोर्डाचा नेहमीचा वेगही तोच. ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या प्रकारात दोन भेटींमधलं अंतर २०२५ पर्यंतच्या प्रमाणानुसार किमान ७.५ मिलिसेकंद ठेवता येत होतं, आणि बॅटरी वाचवायला ते अनेकदा याहून जास्त असतं. शिवाय थोडा वेळ हात लावला नाही की कीबोर्ड झोपतो, आणि जाग येताना पहिलं अक्षर कधीकधी गिळतो. लेख लिहिताना, पत्रं पाठवताना या मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही. चुरशीच्या नेमबाजीच्या खेळात मात्र रिसीव्हरच लावावा. संगणक सुरू होतानाच्या बायोसच्या पडद्यावरही ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा चालत नाही, रिसीव्हरवाला चालतो.

रिसीव्हर लावूनही अक्षरं गळत असतील तर दोष बहुतेक वेळा कीबोर्डाचा नसतो. यूएसबी ३.० च्या वेगवान जोडणीतून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. आपण रिसीव्हर कुठे खोचतो? कॅबिनेटच्या मागे, निळ्या यूएसबी ३ पोर्टात, आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क. वर मध्ये पत्र्याचा आडोसा. खोक्यात आलेली छोटी एक्स्टेन्शन वायर अनेक जण तशीच ठेवून देतात. ती खास यासाठीच असते. तिने रिसीव्हर टेबलावर, कीबोर्डासमोर आणून ठेवा, आणि शक्य असेल तर तो यूएसबी २ च्या पोर्टात लावा. गळणारी अक्षरं बहुतेक वेळा तिथल्या तिथे थांबतात.

सुरक्षिततेचं मात्र कमी बोललं जातं. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की काही स्वस्त वायरलेस कीबोर्ड प्रत्येक कळ उघडपणे, कोणतंही सांकेतिकीकरण न करता हवेत सोडत होते. पासवर्डसुद्धा. रिसीव्हरवर चालणारा, नाव-गाव नसलेला स्वस्त कीबोर्ड बँकेच्या कामाला वापरू नये, तो याच कारणासाठी.

बॅटरीबद्दल लोक दोन टोकांना असतात. कुणाला ती रोज चार्ज करावी लागेल असं वाटतं, तर कुणी खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा खरा धरतो. दोघांनीही दिव्यांकडे पाहावं. लॉजिटेकचा २०२२ चा एमएक्स मेकॅनिकल कंपनीच्या सांगण्यानुसार कळींखालचा प्रकाश चालू ठेवून १५ दिवस आणि बंद ठेवून १० महिने चालतो. त्याच कंपनीचा २०१९ चा गेमिंगसाठीचा जी९१५ रंगीत दिवे पूर्ण तेजावर ठेवले तर ३० तासांत संपतो. दोन्ही पातळ, दोन्ही वायरलेस. बॅटरी खाणारा स्विच नसतो, रेडिओही फारसा नसतो. खातात ते दिवे. दिवसाउजेडी काम करणाऱ्याने ते सरळ बंद करावेत.

‘पातळ कीबोर्ड घेतला की मनगट दुखत नाही’ असंही सांगतात. कळींची उंची कमी झाल्याने मनगट वर वाकवावं लागत नाही, हा फायदा खरा आहे. उंच मेकॅनिकलपुढे हात टेकायला पट्टी ठेवावी लागते, इथे बहुधा लागत नाही. पण आपणच मागचे पाय उघडतो, कीबोर्ड मागून उचलला जातो आणि मनगट पुन्हा वर वाकतं. पाय मिटलेलेच ठेवा. आणि टेबल कोपराच्या पातळीपेक्षा वर असेल, तर कोणताही कीबोर्ड आणा, खांदे भरून येणारच.

राहिला स्विच बदलण्याचा प्रश्न. ‘हॉट-स्वॅप’ लिहिलेलं असलं की कोणताही स्विच बसेल असं समजून लोक पैसे घालवतात. नेहमीच्या उंचीच्या कीबोर्डांत बऱ्याच कंपन्यांचे स्विच एकमेकांच्या जागी बसतात. बुटक्यांत तसं नाही. गॅटेरॉनचे लो-प्रोफाइल स्विच आणि कैलचे चॉक स्विच यांच्या पायांची रचना वेगळी आहे, आणि प्रकाशाच्या झोतावर चालणारे ऑप्टिकल स्विच धातूच्या संपर्कवाल्यांच्या जागी चालतच नाहीत. कीकॅपचं, म्हणजे स्विचवर बसणाऱ्या कळीच्या झाकणाचंही तेच. चॉकच्या पहिल्या पिढीला अधिक चिन्हासारखा खुंट नसून दोन पट्ट्यांच्या खाचा आहेत, त्यामुळे बाजारातले नेहमीचे कीकॅप त्यावर बसत नाहीत. जिथे खुंट जुळतो तिथेही उंच कीकॅपची कड खाली टेकते आणि कळ पूर्ण दबत नाही. नवे स्विच किंवा कीकॅप मागवण्याआधी स्विचची कंपनी, मालिका आणि पिढी, तिन्ही कीबोर्डाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा.