गावातला ‘मेजर’ शाळेच्या मैदानावर कधी येणार?

महागाव तालुक्यात पहाटे पाचला रस्त्यावर उभे राहा. अंधारात पोरांचे घोळके धावताना दिसतील. कुणाला पोलीस भरती द्यायची असते, कुणाला सैन्यात जायचे असते. त्यातली कितीतरी पोरे आपल्या वस्त्यांमधली असतात. कडेला मोटारसायकल लावून, मोबाईलवर वेळ मोजत उभा असलेला माणूस बहुधा निवृत्त फौजी असतो. तो हवालदार म्हणून निवृत्त झालेला असो की नायक म्हणून, गाव त्याला ‘मेजर’च म्हणते.

अशाच एका मेजरांना मी कामानिमित्त ओळखते. सतरा वर्षांची नोकरी, त्यातली बरीच सीमेवर. आता ते पुसदला सुरक्षारक्षक आहेत. मागच्या वर्षी ते एका शाळेत गेले आणि म्हणाले, “सर, मी पोरांना एनसीसी शिकवतो.” मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि विचारले, “मेजर, बी.एड. झालंय का?” झालेले नव्हते. निघताना सर म्हणाले, “वॉचमनची जागा निघाली तर कळवतो.”

मेजरांनी हे मला हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही. रायफल उघडून जोडायला शिकवलेला, शेकडो रंगरुटांकडून कवायत करून घेतलेला माणूस शाळेच्या फाटकावर चालतो, मग मैदानावर का चालत नाही? नियम काय आहे आणि वाट कुठून आहे, हे आपल्या तरुणांना आणि कार्यकर्त्यांना माहीत असले पाहिजे, म्हणून हा लेख.

एनसीसीत शिकवते कोण?

राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे एनसीसी, १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. हायस्कूलच्या मुला-मुलींसाठी ज्युनिअर विभाग आणि महाविद्यालयांसाठी सीनिअर विभाग असतो. शाळेत साधारण आठवीत प्रवेश मिळतो आणि दोन वर्षांनी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा होते.

शिकवणारे दोन प्रकारचे असतात. पहिले बटालियनकडून येणारे हवालदार आणि सुभेदार. हे सेवेत असलेले सैनिक असतात, ठरावीक काळासाठी एनसीसीत येतात आणि परत आपल्या पलटणीत जातात. दुसरे सहयोगी एनसीसी अधिकारी, ज्यांना पोरे ‘एनसीसी सर’ म्हणतात. हे त्याच शाळेतले शिक्षक असतात. शाळा त्यांचे नाव सुचवते, बटालियन त्यांची निवड करते. मग पुरुष शिक्षकांना नागपूरजवळच्या कामठीला आणि महिला शिक्षकांना ग्वाल्हेरला प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यानंतर त्यांना एनसीसीतला हुद्दा मिळतो.

म्हणजे मुख्याध्यापकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. एनसीसी सर व्हायचे तर आधी शिक्षक व्हावे लागते. सैन्यातून थेट त्या जागेवर जाता येत नाही.

आता यात बदलाची चाहूल आहे. २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एनसीसीत ३ लाख जागा वाढवून छात्रांची एकूण संख्या २० लाखांवर नेण्यास मंजुरी दिली. त्याच योजनेत माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून मुलांना प्राथमिक सैनिकी प्रशिक्षण देण्याचे जाहीर केले. त्यातही माजी सैनिकांची मदत घेण्याचे सांगितले. घोषणा आपल्या तालुक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पोचेल तेव्हा कागद तयार असलेला माणूस पुढे जाईल.

अमेरिकेत ही वाट कायद्यानेच आखलेली आहे. तिथे १९१६ पासून हायस्कुलांत छात्रसैनिकांचा कार्यक्रम चालतो. शिकवणारे प्रामुख्याने निवृत्त सैनिक असतात आणि त्यांच्या पगाराचा भार शाळा व सैन्य वाटून घेतात. पण २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिथल्या काही प्रशिक्षकांनी विद्यार्थिनींचे लैंगिक शोषण केल्याची प्रकरणे उघड केली. प्रशिक्षकांवर देखरेख कमी पडत होती. म्हणून शिक्षकाचे प्रशिक्षण ही निव्वळ कागदी अट आहे, असे मी म्हणणार नाही. रंगरूट अठरा वर्षांचा असतो, आठवीतली मुलगी तेरा वर्षांची. पलटणीत चालणारी शिक्षा शाळेत चालत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना आहेत.

आपल्याकडचे जुने उदाहरण

सैनिक आणि शिक्षक एकाच माणसात असणे आपल्याला नवीन नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांनी सैन्यात असताना शिक्षकाचे रीतसर शिक्षण घेतले आणि ते सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. त्या घरात बाबासाहेब वाढले. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. त्याच काळात दापोलीतले महार पेन्शनर आपल्या मुलांना सरकारी खर्चाच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज करत होते. मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवले जात होते, तेव्हा ते पेन्शनर गप्प बसले नाहीत.

या लोकांनी सैन्यातून पेन्शनबरोबर अक्षर आणली. पुढे सैन्यभरती बंद झाली, तेव्हा समाजाची नोकरी तर गेलीच, शाळाही गेली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तो दरवाजा पुन्हा उघडला.

तयारी कधी आणि कशी?

आमच्या मेजरांना पंचेचाळिसाव्या वर्षी कळले ते नोकरीत असलेल्या पोरांना आजच कळावे.

१. सेवेत असतानाच पदवी घ्या. इग्नू आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांतून दूरस्थ पद्धतीने बी.ए. करता येते. दहावी आणि पंधरा वर्षांची सेवा यावर काही गट ‘क’ पदांसाठी पदवीधर समजले जाते, पण त्या भरवशावर शिक्षक होता येत नाही.

२. निवृत्तीच्या आधी सैन्याच्या पुनर्वसन विभागाचे अभ्यासक्रम असतात. साहेब सुचवतील तो कोर्स घेऊन मोकळे होऊ नका, पुढे काय करायचे ते ठरवून निवडा.

३. निवृत्तीनंतर बी.पी.एड. किंवा बी.एड. करा. दोन वर्षे लागतात आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. हायस्कूलच्या कवायतीसाठी बी.पी.एड. जास्त जवळचे आहे. शिक्षक भरती पवित्र पोर्टलवरून होते आणि त्यासाठी अभियोग्यता चाचणी लागते. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी टीईटीही लागते. माजी सैनिकांसाठी समांतर आरक्षण आहे, पण पात्र उमेदवार नसला तर त्या जागेचा उपयोग नाही.

४. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिकाचे ओळखपत्र काढा. डिस्चार्ज बुकातले जातीचे, नावाचे स्पेलिंग मुलांच्या कागदांशी जुळते का, ते तेव्हाच तपासा.

५. खाजगी किंवा सैनिकी शाळेत मानधनावर काम मिळाले तर नियुक्तीपत्र लेखी घ्या. अनुभवाचा दाखला त्यावरच मिळतो.

अग्निवीरांसाठी तर हे आणखी निकडीचे आहे. २०२२ च्या योजनेत चार वर्षांनंतर चारांतला एकच पुढे ठेवला जातो. उरलेल्यांना पेन्शन नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पूर्ण होतात. ही पोरे ऐन तरुण वयात गावी येतील. हातात थोडे पैसे असतील आणि शिकायचे वयही असेल. ते पैसे गाडीत आणि लग्नात जाण्याआधी त्यांच्याशी कुणीतरी बोलले पाहिजे.

ते बोलणे कार्यकर्त्यांचे काम आहे. आपल्या गावच्या निवृत्त आणि सेवेतल्या सैनिकांची यादी करा, शिक्षणासह. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील तर विचारा, शाळेने एनसीसीसाठी बटालियनकडे अर्ज केला आहे का? केला नसेल तर का नाही?

आमच्या मेजरांनी यंदा मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले आहे. बी.पी.एड. होईपर्यंत ते पन्नाशीत असतील, हे त्यांना माहीत आहे. मी तसे म्हटले तर म्हणाले, “ताई, माझ्यासाठी नाही. माझ्याबरोबर धावणारी चार पोरं फौजेत आहेत. मी पुस्तक उघडलं तर तीही उघडतील.”