जिताड्याच्या तळ्यावरची मालकीण

जोगेश्वरीच्या मासळीबाजारात जिताडा दिसला की गिऱ्हाईक एवढंच विचारतं, खाडीचा की तळ्याचा? तळ्यामागची बाई कुणाला ठाऊक नसते. मला ती कळली शेजारणीमुळे. तिचं माहेर पेणजवळच्या खारेपाटात, आणि आई अजून घरामागचं तळं सांभाळते.

पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं पकडून तळ्यात सोडायची, ही तिकडची जुनी रीत. मासा महाखादाड, आपल्याच भाऊबंदांना गिळतो. म्हणून वाढलेली पिल्लं वेळीच निवडून वेगळी करावी लागतात. ते काम आईचं. कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार. तिच्या बोटांवर जुने-नवे वण आहेत.

एका मे महिन्यात पहाटे ती उठली तर मासे वर येऊन हवेसाठी तोंडं उघडत होते. रात्रभर पाण्यातला प्राणवायू घटत जातो, उजाडायच्या सुमारास सगळ्यांत कमी असतो. आईने हे कुठल्या वर्गात शिकलेलं नाही. पदर खोचून ती तळ्यात उतरली आणि घागरीने पाणी उपसून उंचावरून ओतत राहिली, ऊन चढेपर्यंत. तळं वाचलं. पुढच्या आठवड्यात व्यापारी आला. भाव ठरवायला ओटीवर मुलगे बसले, आई आत चहा करत होती.

असे वर्ग फार लांब नाहीत. जोगेश्वरीहून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ, वर्सोव्याला, १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. पैशाच्या मदतीसाठी २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनाही आली. तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान, महिलांना ६० टक्के. चांगलीच तरतूद आहे. पण अर्जाला जागेचा कागद लागतो, आणि बायांचं घोडं तिथेच अडतं. शेजारणीचे वडील गेले तेव्हा तिने आणि तिच्या आईने हक्कसोडपत्रावर सह्या करून दिल्या. माहेर तुटू नये म्हणून मुली करतात, मुलांशी वाकडं नको म्हणून आया करतात. सातबाऱ्यावर आता फक्त भाऊ. जन्मभर राबलेली आई कागदोपत्री कुणीच नाही, याचा मला मनापासून राग येतो.

या दिवाळीत शेजारणीने विषय काढलाच. तळ्याचा भाडेपट्टा आईच्या नावाने नोंदवून द्या, म्हणजे तिला अर्ज करता येईल, म्हणाली. थोरला लगेच कबूल झाला. धाकटा म्हणाला, "तळं घरचंच आहे, कागद कशाला हवा?"

आई म्हणाली, "मग यंदा व्यापाऱ्याशी मीच बोलते. चहा तू टाक."