बिजागरीवर उभी छावणी

छत्रपती संभाजीनगरात गुरुवारी खाम नदीवरचा लोखंडी पूल ओलांडून छावणीत शिरलं की आठवडी बाजार सुरू होतो. भाजी, मसाले, कपडे, पलीकडे जनावरं. माझं लक्ष मात्र मालाखालच्या टेबलांकडे होतं. लोखंडी नळ्यांच्या दोन कात्र्या आणि वर एक फळी, एवढाच तो संसार. विक्रेता कात्री फाकवतो, खालची साखळी ताणली जाते, फळी पडते आणि दुकान उभं राहतं. त्या साखळीकडे कुणी बघत नाही. वरून वजन आलं की कात्रीचे पाय बाहेर सरकू पाहतात. त्यांना आवरून धरते ती साखळीच. ती सुटली की कांद्यांसकट सगळं जमिनीवर.

माझ्याही घरी आदल्या आठवड्यात एक टेबल असंच जमिनीवर आलं होतं, चहाच्या दोन कपांसकट. भिंतीला लावायचं, हवं तेव्हा उघडायचं, नको तेव्हा दुमडायचं, असं ऑनलाइन मागवलेलं देखणं टेबल. पाहुण्यांनी बोलता बोलता कोपर टेकवलं आणि स्क्रू भिंतीतून दातासारखे उपटून आले. म्हणून बाजारात मी टेबलं बघत होतो, आणि बायकोनं सांगितलेली लसूण विसरलो.

घडीच्या फर्निचरची गोष्ट करायला छावणीइतकी योग्य जागा नाही. छावणी म्हणजे मुळात आज इथे, उद्या तिथे. मुघल बादशहाच्या मुक्कामाला तंबूंचे दोन संच असत, एक पुढच्या मुक्कामावर आधीच रवाना होई, असं बर्नियर या फ्रेंच प्रवाशानं सतराव्या शतकात लिहून ठेवलं आहे. पुढे इथे निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली उभी राहिलेली हैदराबाद कंटिंजंट आली. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इलिचपूर म्हणजे अचलपूर अशी तिची ठाणी पसरलेली होती. 1903 मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळून गेली. रेल्वे येण्याआधी या ठाण्यांमधली ये-जा बैलगाडीची आणि उंटाची. साहेबाला जेवायला टेबल तर हवंच, पण ते जनावराच्या पाठीवर मावायलाही हवं.

या गरजेतून एक अख्खी सुतारकला जन्मली. टेबलाचे पाय आट्यांचे, फिरवून काढायचे आणि फळीच्याच पोटात ठेवायचे. कपाटाचे आडवे दोन तुकडे व्हायचे, उंटाच्या दोन बाजूंना एकेक. कोपऱ्यांवर पितळेच्या पट्ट्या असत. त्या शोभेच्या वाटतात, पण खरं काम आपटण्यापासून लाकूड वाचवण्याचं. या घराण्यातली सगळ्यात हुशार वस्तू मात्र टेबल नव्हे, खुर्ची आहे. रुडकी हे लष्करी इंजिनिअरांचं ठाणं, त्याच्याच नावानं ती ओळखली जाते. तिच्यात डिंक नाही, खिळा नाही. निमुळत्या खुंट्या भोकांत बसवायच्या, कॅनव्हास ताणायचा आणि पट्टे आवळायचे. बसणाऱ्याच्या वजनानंच सांधे घट्ट होतात. शिवाय सांधे किंचित हलते असल्यामुळे जमीन खडबडीत असली तरी चारही पाय आपापली जागा शोधून टेकतात. डेन्मार्कच्या कोरे क्लिंटनं 1933 मध्ये याच धर्तीवर आपली ‘सफारी’ खुर्ची बेतली, आणि आज ती दिवाणखान्याचं भूषण म्हणून विकली जाते.

चारही पाय टेकणं ही किरकोळ बाब नाही. तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, कारण कुठल्याही तीन बिंदूंमधून एक सपाट पातळी जातेच. आपली तिवई म्हणूनच तीन पायांची. इंग्रजांनी हिंदीतली ‘तिपाई’ उचलली, तिचं ‘टीपॉय’ केलं, ‘टी’ म्हणजे चहा असा समज करून घेतला आणि चार पाय लावून ती आपल्यालाच परत विकली. पण तीन पायांची किंमत मोजावी लागते. वजन पायांनी आखलेल्या आकृतीबाहेर गेलं की टेबल उलटतं. पाय एकाच वर्तुळावर असतील तर तीन पायांच्या टेबलात केंद्रापासून कडेपर्यंत त्रिज्येच्या निम्मं अंतर मिळतं, चार पायांत सुमारे 71 टक्के, पाच पायांत 81 टक्के. ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीला पाच पाय का असतात, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

चार पायांचं टेबल डुगडुगलं की आपण वर्तमानपत्राची घडी घालून पायाखाली सारतो. गणितज्ञांचा उपाय स्वस्त आहे. टेबल जागच्या जागी फिरवा. तीन पाय टेकवलेले ठेवून चौरस टेबल फिरवत गेलो तर चौथा पाय, जो आधी अधांतरी होता, तो पाव फेरा संपेपर्यंत गणितानं जमिनीच्या ‘खाली’ जायला हवा. मग अधांतरी आणि खाली यांच्या मध्ये कुठे तरी तो बरोबर जमिनीवर असणारच. रॉजर फेन यांनी 1970 मध्ये यावर लेख लिहिला, मार्टिन गार्डनर यांनी ती कल्पना लोकांपर्यंत नेली आणि या शतकात आयताकृती टेबलासाठीही सिद्धता आली. अट इतकीच की पाय सारखे हवेत, जमिनीचा उतार फार नको आणि तिच्यात पायरी नको. आमच्या घरच्या जुन्या शहाबादी फरशीत तीन ठिकाणी पायरी आहे. तिथे गणितही हात टेकतं.

आता भिंतीवरून कोसळलेल्या टेबलाकडे. कोपराचं वजन चाळीस किलो धरू, भिंतीपासून साठ सेंटिमीटरवर. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू आणि खालची टेकण यांत तीस सेंटिमीटर अंतर असेल तर हा साधा तरफेचा हिशोब आहे. 40 गुणिले 60 भागिले 30, म्हणजे 80 किलोंची ओढ. ती दोन ब्रॅकेटांत वाटली तरी प्रत्येक वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर खेचणारी चाळीस किलोंची ताकद. माझ्या टेबलाचे ब्रॅकेट होते जेमतेम बारा सेंटिमीटर उंच. म्हणजे प्रत्येक वरच्या स्क्रूवर ओढ शंभर किलोंची, प्लास्टिकची गिट्टी आणि भुसभुशीत गिलावा यांच्या भरवशावर. ते टेबल महिनाभर टिकलं हेच नवल.

भिंत वाचली तर फळी दगा देते. बाजारातलं बरंचसं स्वस्त घडीचं फर्निचर पार्टिकल बोर्डचं, म्हणजे भुसा आणि डिंक दाबून केलेलं. उभं वजन ते निमूट सोसतं. पण बिजागरीचा स्क्रू रोज हलतो, दर वेळी भोक थोडं रुंदावतं, आणि एकदा पाणी शिरलं की भुसा फुगतो. एकदा फुगलेला भुसा वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. प्लायवुडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून स्क्रूची पकड बरी राहते. सागवान उत्तम, पण तेही जिवंत असल्यासारखं वागतं. पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं. रुंद फळीत हा फरक काही मिलिमीटरचा असतो. श्रावणात ड्रॉवर अडकतो आणि वैशाखात खुळखुळतो, तो यामुळेच. जाडीत कंजूषी मात्र करू नये. फळी बाराऐवजी अठरा मिलिमीटर घेतली तर जाडी दीडपट होते, पण वाकायला विरोध होतो सुमारे 3.4 पट, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो.

नव्या टेबलांत कल्पकता कमी नाही. सोफ्यासमोरचं बुटकं टेबल छातीपर्यंत वर येतं आणि त्यावर लॅपटॉप ठेवता येतो. त्यात समांतरभुज चौकोनाची करामत आहे. समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या असल्यानं फळी वर येताना तिरकी होतच नाही, कपातला चहा सांडत नाही. उचलायला हलकं वाटतं ते स्प्रिंगमुळे किंवा दाबलेल्या वायूच्या नळकांड्यामुळे. त्याला दुकानदार सर्रास ‘हायड्रॉलिक’ म्हणतो. गोल टेबल मोठं करायची युक्ती तर रॉबर्ट ज्यूप या इंग्रजानं 1835 मध्येच पेटंट केली होती. फळी फिरवली की तिच्या पिझ्झासारख्या फोडी बाहेर सरकतात आणि फटींत नव्या फोडी बसवायच्या. पण आपल्याकडचं खरं बहुगुणी टेबल कुठलं म्हणाल, तर पायानं चालवायचं शिलाई मशीन. मशीन पोटात पाडलं, झाकण लावलं की त्यावर मुलांचा अभ्यास, इस्त्री, गणपतीची आरास, सगळं पार पडायचं.

सिडकोच्या बैठ्या घरांत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवसा बैठक, रात्री अंथरूण, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका, आणि खोली तीच. म्हणून मला टेबलाच्या जाहिरातीत ‘सात उपयोग’ असं दिसलं की शंका येते. प्रश्न उपयोग किती हा नाही, एका उपयोगातून दुसऱ्यात जायला किती वेळ लागतो हा आहे. ज्या टेबलावरून आधी फुलदाणी, मग रिमोट, मग बिलं उचलावी लागतात, ते दुसऱ्या आठवड्यापासून कायमचं उघडं किंवा कायमचं बंद राहतं. अंथरुणावर घेऊन बसायचं दुमडत्या पायांचं छोटं टेबल घरोघर टिकलं, ते एका झटक्यात उघडतं म्हणून. चांगल्या बनावटीत त्याचा आधार सरळ रेषेच्या किंचित पुढे जाऊन अडतो. मग वरून जितकं वजन द्याल, तितका तो आणखी घट्ट अडतो. गुडघा ताठ ठेवून उभ्या राहणाऱ्या माणसाला ही युक्ती ठाऊक असते.

गुरुवारी संध्याकाळी बाजार आवरताना मी पुन्हा तिथे उभा होतो, या वेळी लसूण घेऊन. विक्रेत्यानं फळी उचलून टेम्पोत सरकवली, कात्री मिटली, साखळी आपोआप लोंबली. तेवढ्या वेळात मला पाकिटातले सुटे पैसेही सापडले नव्हते.

घरी सुतार आला तेव्हा त्यानं पडलेलं टेबल बघून एकच गोष्ट विचारली, “याला पाय का नाही?” मग त्यानं फळीखाली बिजागरीवर एक पाय बसवला. फळी उचलली की पाय आपल्या वजनानं खाली येतो आणि वजन भिंतीऐवजी जमिनीवर जातं. सागाचा तुकडा त्यानं जुन्या पलंगातून काढला, मजुरी घेतली चारशे रुपये. टेबल उघडायला सहा सेकंद लागतात. मी मोजले आहेत.