पाळी गेल्यावर पाठ सांभाळा

नळावरचा हंडा उचलताना पाठीत कळ आली की आपल्या बाया बाम चोळतात आणि कामाला लागतात. वॉर्डात असताना अशा कित्येक जणी आम्ही पाहिल्या. एक्स-रे काढला की मणका दबलेला निघायचा.

पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. मग पडायचीही गरज नसते, वाकून ओझं उचललं तरी मणका दबू शकतो. उंची कमी होते, पोक येतं. म्हणून पाठ अचानक दुखू लागली तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

दुखत नसेल तर रोज दहा मिनिटं काढा. भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहा, खांदे मागे घ्या, पाच आकडे मोजा, सोडा. ओट्याला धरून टाचा दहा वेळा उचला. न हलणाऱ्या खुर्चीवरून सावकाश उठा-बसा. हात टेकावा लागला तर टेका, त्यात लाज कसली? श्वास रोखू नका. यानं पायांत बळ येतं, तोल राहतो, पडणं टळतं.

टीव्हीत बघून पायाचे अंगठे धरणं, कंबर पिळणं मात्र बंद. केर लांब दांड्याच्या झाडूनं काढा. विहारात वंदनेला वाकवत नसेल तर खुर्चीवर बसून हात जोडा. हंडा अर्धाच भरा. दोन खेपा होतील, तर दुसरी घरातल्या तरण्या पोराला करू द्या की!