बाटली फिरवा, मग तेल लावा!

मे महिन्यातली दुपार, पारा ४५च्या घरात. सीताबर्डीच्या सिग्नलवर तुमची स्कूटी उभी, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला. ऑफिसात पोहोचून स्कार्फ सोडला की आरशात काय दिसतं? झाडूसारखे केस आणि चिकट कपाळ. काय बाप्पा हे! मग संध्याकाळी मॉलमधल्या तेलांच्या शेल्फसमोर आपण गोंधळून उभे. बदाम, ऑलिव्ह, आर्गन, कांदा... घ्यायचं तरी कोणतं?

पहिली गोष्ट, पुढचं चित्र विसरा आणि बाटली फिरवा. मागच्या यादीत जो घटक सगळ्यात जास्त, त्याचं नाव आधी असतं. पुढे बदामांची रास आणि मागे पहिलंच नाव ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ असेल, तर ते पेट्रोलियमपासून बनलेलं तेल. ते काही विष नाही, केसांना चमकही देतं. पण त्यासाठी बदामाचे पैसे का मोजायचे?

आजी जिंकली!

तेलांच्या बाबतीत आपलं शहर तसं जाणकार. अमरावती रोडवरच्या, १९४२ साली सुरू झालेल्या एलआयटीत तेलाचं तंत्रज्ञान शिकवलं जातं. या शास्त्राचा साधा धडा असा, की तेला-तेलात फरक पडतो तो त्यातल्या फॅटी ॲसिड्समुळे. खोबरेलात लॉरिक ॲसिड भरपूर. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली. केसांतलं प्रोटीन वाहून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलाने. कंपनी खोबरेलच विकते, हे लक्षात ठेवा. पण आजीची धुण्याआधी तेल लावायची पद्धत शास्त्राला धरून आहे, हेही खरं.

चेहऱ्याचं गणित वेगळं

तेच खोबरेल चेहऱ्यावर मात्र रोमछिद्रं बंद करू शकतं. पिंपल्स येत असतील तर लांबच ठेवा. ऑलिव्ह ऑइल नावाला स्टायलिश, पण ते कोरड्या त्वचेचं संरक्षक कवच कमकुवत करू शकतं. त्यापेक्षा लिनोलेइक ॲसिड असलेलं सूर्यफुलाचं तेल बरं. आणि हो, कोणतंही तेल सनस्क्रीनचं काम करत नाही. नागपूरच्या उन्हात तर नाहीच!

आपल्या विदर्भातली तेलं? जवसाचं तेल हवेत लवकर खवट होतं, म्हणून जवस चटणीतच झकास. गडचिरोलीकडे मोहाच्या बियांचं तेल स्वयंपाकालाही वापरतात आणि अंगालाही लावतात. थंडीत ते घट्ट होतं, त्यामुळे डिसेंबरात फुटलेल्या टाचांवर चोळायला मस्त.

केस गळतायत?

आमच्या एका मैत्रिणीने सहा महिने महागडं कांद्याचं तेल चोळलं. गळती काही थांबेना. शेवटी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी! दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे. पण पुंजकेच हातात येत असतील तर कारण लोह, थायरॉइड, नुकताच येऊन गेलेला ताप किंवा क्रॅश डाएट असू शकतं. अशा वेळी तेलाचं दुकान नव्हे, डॉक्टर गाठा. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका, कोंड्याला कारण ठरणारी बुरशी तेलावरच पोसली जाते.

जाता जाता

- नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावा, दोन दिवस वाट बघा.
- टी ट्रीसारखं सुगंधी तेल थेट लावू नका, साध्या तेलात दोन थेंब पुरे.
- घाण्याचं तेल छोट्या बाटलीत घ्या, उन्हापासून लांब ठेवा. खवट वास आला की बाटली बाद!
- केस धुण्याआधी तासभर तेल पुरतं. तेल लावून हेल्मेट घालाल, तर घाम आणि धूळ दोन्ही डोक्यात बसतील.

थोडक्यात काय, तेल महागडं नको, आपल्याला मानवणारं हवं. कदाचित ते तुमच्या स्वयंपाकघरातच असेल!